फिल्टर बदलण्याआधी हवा मोजा: बाईकच्या एअर इनटेकमध्ये फेरफार करण्याची पद्धत

एअर फिल्टर बदलला की गाडीची ताकद वाढते, असं सर्रास सांगितलं जातं. बहुतेक गाड्यांवर नुसता फिल्टर बदलून वाढतो तो आवाज, आणि आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतंच. खरोखर ताकद वाढायची तर दोन गोष्टी जुळाव्या लागतात. मूळ इनटेकमध्ये हवा कुठेतरी अडत असली पाहिजे, आणि ती मोकळी केल्यावर जास्तीच्या हवेला पुरेल एवढं पेट्रोलही मिळालं पाहिजे. पहिली गोष्ट मोजून कळते, दुसरी जेटिंग (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, म्हणजे जेट, बदलणं) किंवा मॅपिंग (इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा तक्ता बदलणं) करून साधते. फिल्टर विकत घेण्याचं काम या दोन्हींच्या मधे येतं, सुरुवातीला नाही.

हवा किती लागते, ते आधी बघू

१५० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन ८,००० आरपीएमवर मिनिटाला ४,००० वेळा हवा ओढतं. सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतो असं धरलं तर मिनिटाला ६०० लिटर, म्हणजे सेकंदाला १० लिटर हवा झाली. वजनात ती साधारण १२ ग्रॅम भरते. पूर्ण थ्रॉटलवर (मूठ पूर्ण पिळलेली असताना) हवा-पेट्रोलाचं प्रमाण १३ ला १ धरलं तर तिला सेकंदाला ०.९ ग्रॅमच्या आसपास पेट्रोल लागतं. हवा ५ टक्के वाढली आणि पेट्रोल होतं तेवढंच राहिलं, तर मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडणारं, होतं. रिच, म्हणजे जास्त पेट्रोलच्या, बाजूला सेट केलेल्या गाडीला तेवढ्याने थोडा फायदा होईलही, पण आधीच लीन असलेल्या गाडीला फक्त जास्त तापायला मिळेल. प्रदूषणाच्या नियमांमुळे आजकालच्या बऱ्याच गाड्या कारखान्यातूनच लीन बाजूला सेट होऊन येतात.

पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ ला १ हे प्रमाण लागतं. सर्वांत जास्त ताकद मात्र १२.५ ते १३.२ च्या दरम्यान मिळते.

आता एअरबॉक्स, म्हणजे फिल्टर ज्यात बसतो तो डबा. हा डबा अडथळा करायला बसवलाय असा अनेकांचा समज असतो. तो इनटेकचा आवाज दाबतो हे खरं, पण त्याचं काम तेवढंच नाही. इंजिन हवा झटक्याझटक्याने ओढतं. डब्यात साठलेली शांत हवा प्रत्येक झटक्याला हाताशी असते, आणि डब्याचं आकारमान व स्नॉर्केलची (डब्याच्या तोंडाशी बसवलेल्या नळीची) लांबी मिळून ठरावीक आरपीएमवर हवेच्या लाटा इंजिनच्या फायद्याच्या होतात. कंपनीने हा हिशेब बहुतेक वेळा मधल्या आरपीएमसाठी केलेला असतो, कारण रोजचं चालवणं तिथेच होतं. डबा काढून पॉड फिल्टर (थेट कार्ब्युरेटरच्या तोंडावर बसणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर) लावला की वरच्या आरपीएमला थोडं मिळतं आणि खालचं-मधलं टॉर्क जातं, त्याचं एक मोठं कारण हे.

आधी गाडी धडधाकट करा

घाण झालेल्या मूळ फिल्टरशी नव्या महागड्या फिल्टरची तुलना केली तर कुठलाही फिल्टर जिंकेल. म्हणून फेरफार करण्याआधी कंपनीचा नवा फिल्टर, नवा स्पार्क प्लग, मॅन्युअलप्रमाणे व्हॉल्व्ह क्लिअरन्स, चेन नीट ताणलेली आणि टायरमध्ये बरोबर हवा, एवढं करून घ्या. क्लच घसरत नाही ना, हेही बघा.

मग गाडीची आजची स्थिती नोंदवा. वाहतूक नसलेला सपाट रस्ता किंवा ट्रॅक निवडा. एकाच गिअरमध्ये, समजा चौथ्या, ४० वरून पूर्ण मूठ पिळून ८० पर्यंत जायला किती सेकंद लागतात, ते होल्डरवर लावलेल्या फोनने स्पीडोमीटरचं चित्रण करून मोजा. दोन्ही दिशांना तीन-तीनदा करा, म्हणजे वाऱ्याचा आणि चढाचा परिणाम निघून जातो. टाकी भरून मायलेजही काढून ठेवा. पुढे जेटिंग रिच झालंय का, ते सगळ्यात आधी मायलेजच सांगेल.

हवा कुठे अडते, ते पाण्याने मोजा

हे काम जवळजवळ कोणी करत नाही. वास्तविक लागते ती फक्त दोन मीटर पारदर्शक नळी, आतला व्यास ५-६ मिमी.

नळी यू आकारात वाकवून एका पट्टीवर बांधा. दोन्ही बाजू किमान ६० सेंमी उंच ठेवा आणि निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक मोकळं ठेवा, दुसरं एअरबॉक्सला जोडा. इंजिन हवा ओढतं तेव्हा डब्यात दाब कमी होतो आणि जोडलेल्या बाजूचं पाणी वर चढतं. दोन्ही बाजूंच्या पातळ्यांतला फरक म्हणजे अडथळा. १० सेंमी फरक म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण १ टक्का.

दोन जागी मोजायचं. फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्या मधल्या स्वच्छ बाजूला मोजलं तर स्नॉर्केल आणि फिल्टर दोघांचा मिळून अडथळा कळतो. फिल्टरच्या आधीच्या, धुळीच्या बाजूला मोजलं तर फक्त स्नॉर्केलचा. वजाबाकी केली की फिल्टरचा वाटा हातात येतो. स्वच्छ बाजूला जोडायला सेकंडरी एअर व्हॉल्व्हच्या (प्रदूषण कमी करायला एक्झॉस्टमध्ये हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) नळीचं तोंड सोयीचं पडतं. तेवढ्यापुरती ती नळी काढून तिचं टोक बंद करा. ड्रेन नळी (डब्यातलं पाणी-तेल काढणारी) धुळीच्या बाजूला असेल तर तिचं तोंड वापरता येतं. क्रँककेस ब्रीदरची (इंजिनच्या पोटातला दाब बाहेर सोडणारी) नळी मात्र काढून तिथे जोडू नका.

इथे तीन गोष्टी हमखास चुकतात. सिंगल सिलिंडरच्या धक्क्यांनी पाणी इतकं उड्या मारतं की वाचताच येत नाही. यावर नळीत एखादा जुना मेन जेट घट्ट बसवा, त्याच्या बारीक भोकामुळे पाणी शांत होतं. दुसरं, यू नळीच्या दोन बाजू गाडीच्या लांबीत, एकीमागे एक ठेवल्या तर वेग घेताना पाणी आपोआप मागे सरकतं आणि आकडा खोटा येतो. त्या डाव्या-उजव्या ठेवा. तिसरी चूक सुरक्षिततेची आहे: चालवताना नळीकडे बघत बसू नका. फोन नळीसमोर लावून चित्रण करा आणि थांबल्यावर बघा. डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मोजता आलं तर सर्वांत बरं.

आकडा घ्यायचा तो पूर्ण थ्रॉटलवर, सर्वोच्च ताकदीच्या आरपीएमजवळचा. फरक ५ सेंमीच्या आत असेल तर तुमच्या इनटेकमध्ये मोकळं करण्यासारखं फारसं काही नाही. अडथळा पूर्ण नाहीसा केला तरी अर्धा टक्का मिळेल. तो पैसा टायरवर खर्च करावा. ५ ते २० सेंमी असेल तर पुढच्या पहिल्या दोन पायऱ्या करून बघण्यासारख्या आहेत. २० सेंमीच्या वर गेला तर खरंच गळा आवळलेला आहे, आणि तो नेमका कुठे, तेही तुम्हाला आता माहीत आहे. बऱ्याच गाड्यांवर फिल्टरपेक्षा स्नॉर्केलच जास्त अडवतो. म्हणजे फिल्टरवर पैसे खर्च करून प्रश्न जागच्या जागीच.

पायरी १: त्याच डब्यात बसणारा फिल्टर

मूळ फिल्टरच्या जागी अचूक बसणारा कॉटन किंवा फोमचा फिल्टर, हा सर्वांत सुरक्षित बदल. एअरबॉक्स तसाच राहतो, पाणी-धुळीपासूनचं संरक्षण टिकतं आणि नाही पटलं तर दहा मिनिटांत परत फिरता येतं.

कागदी फिल्टर बारीक धूळ उत्तम अडवतो आणि घाण झाला की टाकून द्यायचा. काही कागदी फिल्टरांना कारखान्यातच तेल लावलेलं असतं; त्यांना कॉम्प्रेसरने हवा मारू नये, वेळ झाली की बदलावेत. फोम तेल लावूनच वापरायचा. तो भरपूर धूळ पोटात घेतो, म्हणून मातीत चालणाऱ्या गाड्यांना तोच असतो. जाळीत बसवलेला कॉटन गॉज कमी अडथळा करतो, पण त्याची गाळण्याची ताकद तेलावर अवलंबून असते. तेल सुकलेला कॉटन फिल्टर लावणं म्हणजे इंजिनला वाळू चारणं. धुळीतले सिलिकाचे कण लोखंडापेक्षा कठीण असतात. ते सिलिंडरची भिंत आणि रिंगा घासत जातात. त्याची किंमत काही हजार किलोमीटरनंतर, सायलेन्सरमधून निघणाऱ्या निळ्या धुरात दिसते.

पाकिटावर आयएसओ ५०११ या चाचणीचे आकडे दिले असतील तर ते वाचा. "इतके टक्के जास्त हवा" एवढंच लिहिलं असेल आणि किती धूळ अडते याबद्दल अवाक्षर नसेल, तर तो फिल्टर दुकानातच राहू द्या.

बसवताना डब्यातली जुनी धूळ ओल्या फडक्याने पुसा, ब्रशने झटकू नका. इनटेकच्या तोंडात आधी स्वच्छ कापड कोंबा आणि शेवटी ते आठवणीने काढा. नव्या फिल्टरची रबरी कड सगळीकडून सारखी बसतेय का ते बघा आणि कडेवर ग्रीसचा पातळ थर द्या. स्वस्त फिल्टरची कड अर्धा मिलिमीटर आखूड असते, तेवढ्या फटीतून धूळ सरळ आत जाते. झाकणाचे स्क्रू कर्णाच्या क्रमाने, थोडे थोडे करत घट्ट करा.

या बदलानंतर जेट बदलावा लागत नाही, फार तर मिक्श्चर स्क्रू (कार्ब्युरेटरचा, कमी मुठीवरचं मिश्रण जुळवणारा) पाव-अर्धा फेरा फिरवावा लागतो.

पायरी २: स्नॉर्केल

स्नॉर्केल ही एअरबॉक्सच्या तोंडाशी बसवलेली रबरी किंवा प्लास्टिकची नळी. बऱ्याच गाड्यांवर ती नुसती ओढून निघते. काढा, पाण्याची नळी परत लावून मोजा, वेळ परत घ्या. आरपीएमच्या वरच्या टोकाला सुधारणा आणि खाली थोडी पडझड, असा निकाल आला तर नवल नाही. स्नॉर्केलची लांबी मधल्या आरपीएमसाठी जुळवलेली असते, ती गेली की तो फायदाही जातो. शहरात चालणाऱ्या गाडीवर आमचा कौल तो परत बसवण्याच्या बाजूने.

पायरी ३: डब्याला जास्तीचं तोंड

इथे हिशेब करून भोक पाडायचं. थ्रॉटल बोअर (कार्ब्युरेटरमधला हवेचा मार्ग) २८ मिमीचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ ६१६ चौरस मिमी. स्नॉर्केलच्या सगळ्यात अरुंद जागेचं क्षेत्रफळ मोजा. ते बोअरपेक्षा कमी असेल तर वाढवायला जागा आहे. बोअरच्या दीडपट झाल्यानंतर आणखी भोकं पाडून आवाजाशिवाय हाती काही लागत नाही.

भोक फक्त धुळीच्या बाजूला. हे वाक्य सोपं वाटतं, पण डबा हातात घेतल्यावर कोणती बाजू कोणती याचा गोंधळ होतो. फिल्टर जागेवर ठेवून, कार्ब्युरेटरच्या तोंडातून बोट आत घालून हवेचा मार्ग उलटा चाचपत या आणि धुळीच्या बाजूवर मार्करने खूण करा. जागा निवडताना मागच्या चाकाचा चिखल थेट उडेल अशी बाजू आणि इंजिनच्या फिन्सकडे (इंजिन थंड करणाऱ्या पट्ट्यांकडे) तोंड करणारी बाजू टाळा. ३० अंशांची हवा ५० अंशांवर गेली की तिची घनता ६ टक्क्यांनी घसरते. ताकद अगदी तेवढीच घटते असं नाही, पण इनटेकमधून मिळवलेलं सगळं घालवायला ती पुरते.

डबा गाडीवरून काढूनच ड्रिल करा. होलसॉने कमी वेगात कापा, कडा कानसने आणि मग पॉलिश पेपरने गोल करा, कारण तीक्ष्ण कडेवरून हवा नीट वळत नाही. नंतर डबा पाण्याने धुऊन, वाळवून, उजेडाकडे धरून आत प्लास्टिकचा एकही कीस राहिला नाही याची खात्री करा. शक्य असेल तर हा प्रयोग जुन्या बाजारातून आणलेल्या दुसऱ्या डब्यावर करा. पाडलेलं भोक बुजवता येतं, पण मूळ डबा परत मिळत नाही.

समोरून हवा घेणारी नळी काढली की वेगाने हवा आत कोंबली जाते, या कल्पनेचाही हिशेब करून टाकू. १०० किमी वेगाला वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो, २०० ला पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. कावासाकीने १९९० मध्ये झेडएक्स-११ वर रॅम एअर दिलं, ते अशाच वेगाच्या गाडीसाठी. १५० सीसीला थंड हवा मिळाली तर तीच मोठी कमाई.

पायरी ४: पॉड फिल्टर

डबाच काढून कार्ब्युरेटरच्या तोंडावर शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवणं हा सर्वांत जास्त केला जाणारा आणि सर्वांत जास्त बिघडणारा बदल. करायचाच असेल तर या गोष्टी आधी सोडवा.

तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजा, अंदाजाने घेऊ नका. दोन मिमी मोठा फिल्टर क्लॅम्पने आवळून बसत नाही, सुरकुती पडते आणि तिथून धूळ जाते. फिल्टर बसवल्यावर आतून बघा. स्वस्त पॉडच्या रबराला आत एक ओठ असतो. कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या कडेला बारीक भोकं असतात, ती पायलट आणि मेन एअर जेटना हवा देतात. सीव्ही कार्ब्युरेटरमध्ये (ज्यात हवेचा मार्ग उघडणारी स्लाइड केबलने नाही, तर डायफ्रॅम या रबरी पडद्यावरच्या दाबाने उचलली जाते) त्यांच्या जोडीला डायफ्रॅमखाली जाणारं एक मोठं भोकही असतं. रबराचा ओठ यांतल्या कशावरही आला की गाडी कितीही जेट बदलले तरी सुधारत नाही. डायफ्रॅमचं भोक झाकलं तर स्लाइड अर्धवटच उचलली जाते आणि मूठ पिळूनही गाडी पुढे जात नाही. ओठ धारदार ब्लेडने कापा किंवा फिल्टर बदला. एकूणच सीव्ही कार्ब्युरेटरचं पॉडशी जमत नाही, कारण त्याची स्लाइड तोंडाजवळच्या शांत हवेच्या दाबावर अवलंबून असते आणि पॉडभोवती ती मिळत नाही.

पुढचा मुद्दा आधाराचा. अनेक गाड्यांत कार्ब्युरेटर पुढून मॅनिफोल्डच्या (इंजिनकडे जाणाऱ्या नळीच्या) रबराने आणि मागून एअरबॉक्सच्या रबरी बूटने धरलेला असतो. मागचा आधार गेला की सगळं वजन पुढच्या रबरावर येतं आणि ते काही महिन्यांत तडकतं. फ्रेमला एक छोटी पट्टी मारून आधार द्या.

पावसात पॉडवर पाणी अडवणारं कापडी आवरण लागतं, आणि खोल पाण्यातून गाडी न्यायचा विचार सोडून द्या. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

सुटलेल्या नळ्या

डबा काढल्यावर तीन-चार नळ्या लोंबकळत राहतात. त्यांचा फोटो डबा काढण्याआधी घ्या. क्रँककेस ब्रीदरच्या नळीला छोटा फिल्टर किंवा ऑइल कॅच कॅन (तेल साठवणारी डबी) लावा. ती बोल्ट ठोकून बंद करू नका, आत दाब वाढून ऑइल सील बाहेर येतात. सेकंडरी एअरच्या नळीलाही स्वच्छ हवा हवी, तिला वेगळा छोटा फिल्टर द्या. पेट्रोलच्या वाफेच्या कॅनिस्टरची नळी आणि इंजेक्शनच्या गाडीत हवेच्या तापमानाचा सेन्सर, हे दोन्हीही डब्यातच बसवलेले असू शकतात. हा सेन्सर इंजिनजवळ लोंबकळत ठेवला तर ईसीयू (इंजेक्शन चालवणारा संगणक) हवा गरम आहे असं समजून पेट्रोल कमी करतो.

कार्ब्युरेटरचं जेटिंग

पेट्रोलचा कॉक बंद करा, फ्लोट चेंबर रिकामा करा, आसपास आग किंवा ठिणगी नको. जपानी कार्ब्युरेटरचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. साधा स्टार स्क्रूड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही आणि मऊ डोकी चुरगळतात. जेआयएसचा स्क्रूड्रायव्हर आणा, फार महाग नसतो.

मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर चिकटपट्टीने खुणा करा: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रूचा अंमल पाव मुठीपर्यंत, सुईचा (स्लाइडला जोडलेल्या, जेटमध्ये शिरणाऱ्या) पाव ते पाऊण आणि मेन जेटचा पाऊण ते पूर्ण. गाडी कुठे गचके खाते ते आरपीएमवरून न बघता या खुणांवरून बघायचं. जेटिंगमधला निम्मा गोंधळ एवढ्याने मिटतो.

क्रम मेन, सुई, पायलट असा ठेवा.

केहिनच्या मेन जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो: ११० म्हणजे १.१० मिमी. ११५ लावला तर व्यास साडेचार टक्के वाढतो, पण भोकाचं क्षेत्रफळ ९ टक्के. म्हणून दोन-तीन आकड्यांच्या पायरीनेच वर जा. मिकुनीच्या हेक्स जेटवरचा आकडा प्रवाहाचा असतो. एका कंपनीचा आकडा दुसरीला लावू नका. स्नॉर्केल काढल्यावर बहुधा एक पायरी, पॉडवर दोन ते चार पायऱ्या, एवढ्या अंदाजाने सुरुवात करा. लीनपेक्षा रिच बाजूने यावं: रिच मिश्रणाने प्लग काळा होतो, लीनने पिस्टन जातो. टू-स्ट्रोकमध्ये तर वंगणही पेट्रोलबरोबरच येतं, तिथे लीन मेन जेट म्हणजे सरळ सीझ, पिस्टन आतच अडकणं.

पूर्ण मुठीवर गाडी चालत असताना मूठ किंचित मागे घ्या. गाडी उचल खात पुढे गेली तर मेन जेट लहान आहे. गाडी भरडल्यासारखी, फडफडत चालत असेल आणि मूठ मागे घेतल्यावर साफ होत असेल तर मोठा आहे. मधल्या मुठीवर चोक किंचित ओढून बघा: सुधारली तर लीन, बिघडली तर रिच.

सुईवर सहसा पाच खाचा असतात. क्लिप एक खाच खाली म्हणजे सुई वर, म्हणजे रिच. काही गाड्यांच्या सुईला खाचाच नसतात. तिथे अर्धा मिलिमीटर जाडीचं बारीक वायसर सुईच्या डोक्याखाली घालतात.

मिक्श्चर स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर काढला की लीन. आधी हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन फेरे मोजून लिहून ठेवा, साधारण दीड ते अडीच असतात. इंजिन पूर्ण गरम करून, पाव-पाव फेऱ्याने फिरवत सर्वांत जास्त आयडलिंग जिथे मिळतं तिथे थांबा, मग आयडल स्क्रूने आरपीएम खाली आणा. मूठ सोडल्यावर आरपीएम उशिरा खाली येत असेल, सायलेन्सरमधून फट-फट आवाज येत असेल, तर पायलट लीन आहे किंवा कुठेतरी हवा गळतेय.

प्लगचा रंग बघायचा तर नवा प्लग लावून, वरच्या गिअरमध्ये पूर्ण मुठीवर थोडं अंतर जाऊन, क्लच दाबत इंजिन बंद करून बघावा लागतो. आयडलिंग करत घरी आणलेला प्लग फक्त आयडलिंगचं सांगतो. पांढराफटक म्हणजे लीन, फिकट तपकिरी बरा, काजळी म्हणजे रिच. आताच्या बिनशिशाच्या पेट्रोलवर रंग उशिरा चढतो, म्हणून सायलेन्सरला बंग (सेन्सर बसवायचं आट्यांचं तोंड) वेल्ड करून वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलाचं प्रमाण मोजणारा) लावता आला तर एका फेरीत सगळं स्पष्ट होतं.

उंचीचं भान ठेवा. समुद्रसपाटीपासून १,००० मीटर वर गेलं की हवेची घनता साधारण १० टक्क्यांनी कमी होते, आणि खाली बरोबर असलेला जेट वर रिच ठरतो. उलटा प्रवास जास्त धोक्याचा: डोंगरात जेटिंग केलेली गाडी खाली लीन चालते.

इंजेक्शनची गाडी

"ईसीयू आपोआप जुळवून घेतो" हे अर्धसत्य आहे. एका वेगाने, हलक्या मुठीवर जाताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघत १४.७ च्या आसपास मिश्रण राखतो, तिथे तो जुळवून घेतो. मूठ पूर्ण पिळली की बहुतेक गाड्यांत तो सेन्सरकडे दुर्लक्ष करून आतल्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल देतो. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या ईसीयूला वाढलेल्या हवेचा काही अंदाज येतो, फक्त थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम बघणाऱ्याला अजिबात येत नाही. बॅटरी काढून लावली की शिकलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात, मूळ तक्ता तसाच राहतो.

त्यामुळे पायरी १ साठी काही करायची गरज नसते. पायरी ३ आणि ४ साठी मात्र ईसीयू फ्लॅश (त्यातला तक्ता नव्याने भरणं) किंवा इंजेक्टरची वेळ बदलणारा पिगीबॅक मॉड्यूल, आणि तोही वाइडबँड लावून डायनोवर जुळवलेला हवा. इंटरनेटवरून उतरवलेला दुसऱ्याच्या गाडीचा मॅप दुसऱ्या सायलेन्सरसाठी आणि दुसऱ्या पेट्रोलसाठी बनलेला असतो. ऑक्सिजन सेन्सरला फसवणारा रेझिस्टर लावून सगळीकडे रिच करणारी उपकरणं टाळा. पूर्ण मुठीवर ती काहीच करत नाहीत, हलक्या मुठीवर पेट्रोल वाया घालवतात.

वॉरंटी, विमा आणि तुमच्याकडचे प्रदूषण व आवाजाचे नियम, हे तिन्ही डबा कापण्याआधी तपासा.

धुणं आणि तेल

फोम रॉकेलमध्ये किंवा फिल्टर क्लीनरमध्ये धुवा, मग साबणाच्या पाण्यात. पेट्रोल नको, त्याने जोडाचा गोंद सुटतो. पिळा पण मुरगळू नका. पूर्ण वाळल्यावर फिल्टरचं तेल ओतून हाताने सगळीकडे मुरवा आणि जास्तीचं दाबून काढा; रंग सारखा दिसला पाहिजे, थेंब गळता कामा नये.

कॉटन गॉज आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. कॉम्प्रेसर आणि हेअर ड्रायर दोन्ही वर्ज्य. सावलीत वाळवा, प्रत्येक घडीवर तेलाची एक बारीक रेघ द्या, वीस मिनिटं थांबा, पांढरे राहिलेले ठिपके तेवढे भरा. तेल जास्त झालं तर ते डब्यात आणि सेन्सरवर उडतं आणि हवाही अडते.

नवा फिल्टर लावल्यानंतर आयडलिंगवर मॅनिफोल्डच्या रबराभोवती कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा, तोही इंजिन नुकतंच सुरू केलेलं, सायलेन्सर थंड असताना, कारण तो पेटतो. आरपीएम बदलले तर तिथून हवा गळतेय. आणि ५०० किलोमीटरनंतर कार्ब्युरेटरकडचा बूट सैल करून त्याच्या आत पांढरं फडकं फिरवा. तेलकट डाग चालेल. बोटाला चरचरीत लागणारी मातकट धूळ निघाली तर फिल्टर गळतोय किंवा कड बसलेली नाही. कड ग्रीस लावून नीट बसवून पुन्हा ५०० किलोमीटरने बघा, आणि तरीही धूळ निघाली तर कंपनीचा कागदी फिल्टर परत लावा.